ज्ञानूच्या नावावर

१२ डिसेंबर १९४९

आज शाहूपुरीतल्या वखारीत कामाला लागलो. संस्थान विलीन झाले, दरबारातले आमचे खाते बंद झाले, आणि कायम नोकरी म्हणजे खरोखरच कायम ही समजूतही गेली. गेली तर गेली. दत्तोपंत अडत्यांनी गुळाच्या हंगामापुरते करारावर घेतले आहे. रव्यांचे, म्हणजे गुळाच्या ढेपांचे, वजन टिपायचे. जागा मोठी, सकाळचे ऊन थेट आतपर्यंत. गुळाचा वास कपड्यांबरोबर घरी आला.

एक गंमत. इथे करार हंगामाच्या आरंभी होतात, मध्येच नवा करीत नाहीत. माझी जागा ज्ञानू नावाच्या माणसाच्या करारातली. म्हणून सकाळी मुकादम इलाही ओट्यावर उभा राहून हजेरी घेतो तेव्हा 'ज्ञानू' या नावाला मी 'हजर' म्हणायचे. मला हसू आले. इलाही म्हणाला, "पावणं, नाव कुणाचं बी असू द्या, पोट तर तुमचंच हाय की."

घरी सरोजिनीला सांगितले. तिने चहा पुढे केला आणि म्हणाली, "घ्या ज्ञानोबा." पुष्कळ हसलो.

१५ डिसेंबर

हजेरीच्या रांगेत शेवटी एक माणूस उभा असतो. त्याचे नाव पुकारत नाहीत. तरी दिवसभर रवे उचलतो, थप्पी लावतो. नीट लावतो. वखारीत काळे मुंगळे फार. आमच्या पायांवर चढतात, आम्ही झटकतो. त्याचे हात गुळाने माखलेले, पण मुंगळे त्याला वळसा घालून जातात.

इलाहीला विचारले, हाच का ज्ञानू? तो म्हणाला, न्हाय. ज्ञानू हंगामाच्या तोंडालाच तापाने मेला. हा त्याच्या नावावर आला. रोज ओ देत गेला. एका संध्याकाळी घरी गेला तर बायकोपोरांनी ओळखले नाही, परत आला. मग हजेरीला त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. ओ देणारा तर पाहिजे, म्हणून मला आणले.

त्याचे स्वतःचे नाव काय, असे विचारले. इलाही बराच वेळ आठवत राहिला. मग म्हणाला, त्यालाच इचारा. विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले, फार लक्ष देऊन.

१९ डिसेंबर

बाजारात कुणी तरी कुणाला हाका मारीत होता. अंबादासराव, अहो अंबादासराव. त्याने खांद्यावर हात ठेवला तेव्हा कळले की मलाच. पूर्वी शेजारच्या टेबलावर बसणारा अप्पा. म्हणाला, नोकरी गेली तसे कानही गेले काय?

दुपारी वखारीत कुणी 'ज्ञानू' म्हणाले. मी आधीच वळलो होतो.

रात्री सरोजिनी म्हणाली, "ज्ञानोबा, पान वाढलंय." मी हसलो. ती हसली नाही. तिने थट्टा केलीच नव्हती.

२१ डिसेंबर

दत्तोपंतांच्या गादीसमोर जाऊन उभा राहिलो. म्हटले, उद्यापासून माझ्या नावाने पुकारा. ते म्हणाले, करारावरच्या माणसाला नावाची एवढी मिजास कशाला? दरबारी रग अजून उतरली नाही वाटते. मी म्हणालो, नाही उतरली, उतरणारही नाही. नोकरी गेली ती गेली. मी अंबादास नरहर हेरवाडकर. वखारभर ऐकू जाईल असे म्हणालो. हमाल हसले. एकाने शीळ घातली.

थप्पीपाशी तो उभा होता. त्याचे ओठ हलत होते. माझेच नाव माझ्यामागून म्हणत होता.

२२ डिसेंबर

"ज्ञानू." गप्प राहिलो. "ज्ञानू." जीभ दातांखाली धरली. ती आपोआप उचलली जात होती. रक्त आले, पण ओ दिली नाही.

खाडा मांडला. मांडा. वजने टिपली तरीही. दिवसभर माझ्याशी कुणी बोलले नाही.

हाताला गूळ लागला होता. मुंगळा आला. थांबला. वळला.

२३ डिसेंबर

आजही गप्प. इलाही ओटा उतरून जवळ आला. हळूच म्हणाला, "द्या की ओ, पंत. कशापायी जिवावर उठताय?" मी म्हणालो, माझे नाव घे. त्याने दत्तोपंतांकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. मग त्याने पुकारले. माझेच. पूर्ण. वडिलांच्या नावासकट.

"हजर."

मी नव्हे. रांगेच्या शेवटून. आवाज माझा —

माझे तोंड उघडे होते. इलाहीने पुढचे नाव घेतले.

त्याच दिवशी, संध्याकाळी

निघताना इलाही मागून ओरडला, उद्या ज्ञानू म्हणून या, जागा हाय तुमची. मी म्हणालो, मेलो तरी नाही.

रांगेतला तो शेवटचा माझ्यापुढे चालत होता. माझ्या वाटेने. दार सरोजिनीने उघडले. त्याच्या हातातली टोपी घेतली. माझी टोपी — डोके चाचपले, उघडे —

दार लागले.

पायरीवर बसून लिहितो आहे. वही माझी, अक्षर माझे. मुंगळ्यांची रांग माझ्या हातापाशी फुटते, पलीकडे पुन्हा जुळते.

जाणार नाही. दार वाजवले. मुठीने. गल्ली बाहेर आली तरी वाजवीन. तो आत हसला — माझ्यासारखा —

आतून तिने विचारले आहे, कोण?

सांगतो. आधी इथे लिहितो, मग मोठ्याने. माझे नाव —