नेफ्यातला नाडा

प्रिय मोठी माय,

अन् फोन काहून आपटला? बोलू तर देत नाही. “सातवीतून पळालेलं पोट्टं मले डॉक्टरकी शिकवते,” म्हणे, अन् कट. म्हणून कागदावर लिहून राहिलो. याचा फोटो शेजारच्या रागिणीच्या मोबाइलवर पाठवतो, ती खाटेजवळ बसून तुले वाचून दाखवीन. कागद कट करता येत नाही.

पडली तेव्हा लचक समजून तू लेप लावला, कामट्या बांधल्या अन् घरातच पडून राहिली. आता अमरावतीच्या दवाखान्यात कळलं, हाड खुब्यापाशी मोडलं आहे. डॉक्टर लवकर ऑपरेशन करा म्हणतात, अन् तुझं एकच, गल्लीतल्या इंदूबाईसारखी मांडी फाडून घेणार नाही. अवं, इंदूबाईचा जमाना गेला.

आठवते? आई गेल्यावर मी तुझ्याकडे आलो, तेव्हा रोज चड्डीचा नाडा ओढून काढायचो. तू परतवाड्याच्या दुकानाचे परकर शिवत बसलेली. मशीनवरून न उठता मले समोर उभं करायची. नेफा कधी उसवला नाही. बारक्या भोकातून पिन घालायची, बोटानं चाचपत सरकवायची, नाडा पार! मी चुळबुळ केली की पाठीत धपाटा. डॉक्टर तेच करणार आहेत. दोन-तीन छोट्या चिरा, त्यातून हाडात सळई. तू बोटानं चाचपायची, ते पडद्यावर पाहतात. सगळं नीट असलं तर दुसऱ्या रोजी वॉकर धरून उभं करतात. पडून राहिली तर पाठीले जखमा होतील, छातीत कफ साचीन.

इथं गुजरातेत, मोरबीच्या टाइल्सच्या भट्टीसमोर उभा असलो की कौंडण्यपूरची जत्रा आठवते. तू इतकी भरभर चालायची, मी पदर धरून मागं पळायचो. ते चालणं मले परत पाहायचं आहे.

काल रागिणीनं खरं सांगितलं. तुले चिरेचं भेव नाहीच. मी पाठवलेले पैसे तू माझ्या पंक्चरच्या दुकानासाठी जपून ठेवले, त्याले हात लागू नये म्हणून हे सारं नाटक. दुकान टाकीन ना मी, स्टँडसमोरच. पण तिथवर चालत येऊन “हवा नीट भर” म्हणून माझ्यावर कोण खेकसणार? ते पैसे राहू दे. माझी वाट न पाहता ऑपरेशनच्या कागदावर सही कर. मी निघालोच.

तुझाच, एका जागी उभा न राहणारा,
नितेश

ता.क. जिचा फोटो तू साऱ्या गल्लीले दाखवला, ती मोटरसायकल विकली. रागिणीच्या खात्यात टाकून राहिलो, बत्तीस हजार.