मावशीचं शिफारसपत्र

३ मे

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि.

फोनवर तू शिवणमशीन चालू ठेवून बोलतेस आणि मला नुसते हुंकार ऐकू येतात, म्हणून पत्र लिहिते आहे. आधी खाली बस. मी नोकरी सोडली. आईला सांगितलं आहे. ती दोन तास गप्प होती, त्यावरून काय ते ओळख.

कॉलेज संपल्या संपल्या मला कन्सल्टिंगमध्ये घेतलं, तेव्हा बावीस वर्षांच्या पोरीचा सल्ला कोण घेणार, असं काका म्हणाले होते आणि मी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. आता त्यांना सांग, सल्ला सगळे घेतात. पुढे त्याचं काय करतात ते कळत नाही, एवढंच. बिस्किटांच्या एका कारखान्यात पाकिटं का फुटतात ते शोधायला मी सहा आठवडे होते. पॅकिंगच्या फोरमननी पहिल्याच दिवशी सांगितलं की पाकिटांच्या सरकत्या पट्ट्याचं तिसरं वळण बिघडलंय. मी त्यावर अठ्ठेचाळीस पानांचं सादरीकरण केलं. ते बिचारे शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते, वर टाळ्याही वाजवल्या. नंतर वळण दुरुस्त झालं का, असं मी साहेबांना विचारलं, तर ते आपल्या कामात येत नाही म्हणाले. असे चौदा अहवाल लिहिले. एकाचंही पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही.

राजीनामा देताना साहेबांनी कारण विचारलं. सवयीने मी तीन मुद्दे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसरा मुद्दा कच्चा आहे म्हणाले.

आता मुख्य काम. एका छोट्या संस्थेत माझी मुलाखत आहे. ही माणसं लहान दुकानांना सल्ला देतात आणि तो अमलात येईपर्यंत तिथेच थांबतात. मला हेच हवं होतं. पण माझा सल्ला जिथे खरंच वापरला गेला अशा एका दुकानाचं पत्र त्यांना हवंय. असं दुकान जगाच्या पाठीवर एकच, तुझं. गेल्या वर्षी तुझ्या अल्टरेशनच्या दुकानात तीन दिवस बसून जो अहवाल केला, त्याचा काय फायदा झाला ते चार ओळींत लिहून पाठव. टक्केवारी दिलीस तर उत्तम. वीस तारखेच्या आत हवं.

काकांना नमस्कार. लोभ होताच, नोकरी गेली म्हणून तो आखडता घेऊ नये.

तुझी,
ठकू

९ मे

चि. ठकूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. नोकरी सोडलीस ते बरं केलंस की वाईट, हे मला कळत नाही, पण तू जेवतेस ना वेळेवर? आईच्या गप्प राहण्याची काळजी करू नकोस. माझं लग्न ठरलं तेव्हा ती आठवडाभर गप्प होती आणि नंतर त्याची भरपाई केली.

पत्राचं म्हणशील तर माझं अक्षर तुला माहीत आहे, गोगलगाय शाईत बुडून गेल्यासारखं. टक्केवारी मला जमत नाही. शिवाय सध्या कामाची घाई आहे आणि काकांचा खांदा दुखतो. त्या बिस्किटवाल्या फोरमनना विचारून बघतेस का? माणूस सज्जन वाटतो. नाहीतरी एवढ्याशा दुकानाच्या पत्राला कोण भीक घालणार?

माया आहे तशीच आहे, ती मोजायला तक्ता करू नकोस.

तुझी,
मावशी

१२ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

हा तुझा नेहमीचा विनय. तुझी जुनी पत्रं मी जपून ठेवली आहेत. मी सुचवलेल्या फॉर्मच्या पद्धतीने खूप वेळ वाचतो, असं तूच लिहिलं होतंस. दुकानातली गर्दी कमी झाली, असंही लिहिलं होतंस. ते वाचून मी ऑफिसच्या जिन्यात एकटीच नाचले होते.

तुला हसू येईल, पण खरं सांगते. ही दोन वर्षं मी नुसते रंगीत चौकोन काढले की कुणाच्या उपयोगी पडले, हा प्रश्न मनात आला की मी तुझ्या दुकानाकडे बोट दाखवते. माझ्याकडे दुसरं काहीच नाही. लिहिणं जमत नसेल तर मीच रविवारी येते. फॉर्म भरणाऱ्या गिऱ्हाइकांचे दोन-चार फोटो काढते, म्हणजे तुझं काम झालं.

येते आहे, तेव्हा लोभ समोरासमोरच वाढवू.

ठकू

१४ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी येऊ नकोस. म्हणजे ये, पण कॅमेरा आणू नकोस. तू फॉर्मचे फोटो काढायचे म्हणालीस आणि मला दरदरून घाम फुटला. फॉर्म भरणारं गिऱ्हाईक आता आणू कुठून? आता खरं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

तुझ्या अहवालात होतं की मी प्रत्येकाशी अकरा मिनिटं बोलते, ते बंद करावं आणि गिऱ्हाइकाने फॉर्म भरून कपड्यासोबत खोक्यात टाकावा. आम्ही हौसेने दोनशे फॉर्म छापले. छोटं काम, मध्यम काम, मोठं काम अशा तीन चौकटी. बाई, जगातल्या प्रत्येक माणसाचं काम छोटंच असतं! एकाने कोट आणला. अस्तर फाटलेलं, दोन्ही खिसे गेलेले, कॉलर कुत्र्याने चावलेली. खूण छोट्या कामावर.

मग ते बँकेतले कारकून. दोन इंच कमी, एवढंच लिहून पँट ठेवून गेले. तुझ्या फॉर्मवर नाव होतं, फोन होता, समाधान एक ते पाच होतं, पण कुठून कमी करायचं हा रकाना नव्हता. काकांनी पाय कापले. त्यांना कंबर हवी होती. आता ते खुर्चीवर बसले की पोटऱ्या दिसतात, आणि रस्त्यात दिसले की काका पलीकडच्या फुटपाथवर जातात. खरं म्हणजे त्या अकरा मिनिटांतच सगळं कळतं. कंबरेच्या बाबतीत कुणीही माणूस कागदावर खरं लिहीत नाही.

वेळ वाचतो असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं. कुणी येतच नव्हतं, तर वेळ वाचणारच. गर्दी तर इतकी कमी झाली की काका दुपारी टेबलावर झोपायला लागले. पाचव्या आठवड्यात आम्ही फॉर्म बंद केले. खोक्यात आता बॉबिन असतात.

तुझं मन मोडवेना म्हणून वर्षभर लपवलं. तू एवढा भरवसा ठेवून बसली असशील असं स्वप्नातही आलं नाही. रागाव, पण बोलणं सोडू नकोस.

तुझी अपराधी
मावशी

२३ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पहिले दोन दिवस मी आईसारखी गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्या पोटऱ्या डोळ्यांपुढे आल्या आणि इतकी हसले की शेजारीण बघायला आली. मग रडलेही, तेही सांगून टाकते. चौदा अहवाल हवेत गेले आणि पंधराव्याने तुझं दुकान रिकामं केलं.

मुलाखतीला गेले. द्यायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून तुझं पत्रच पुढे केलं. तिथल्या मुख्य बाईंनी ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. कोटाच्या कॉलरपाशी त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. नोकरी दिली नाही. एखादं काम शेवटपर्यंत बघून सहा महिन्यांनी या, म्हणाल्या. प्रेमाने म्हणाल्या, पण नाही ते नाहीच.

मावशी, मला काउंटरवर उभी करशील? मी काहीही सुचवणार नाही. नुसती टाचण्या धरीन आणि अकरा मिनिटं ऐकत राहीन. पण मी तिथे असून उपयोगाची नसेन तर स्पष्ट लिही. आता खोटं चालणार नाही.

लोभ ठेव. पात्रता नंतर सिद्ध करते.

ठकू

२८ मे

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते एकदम उठले, स्वतःच्या मशीनवरचं कापड वर केलं आणि खालून एक मळका कागद काढला. तुझ्या अहवालाचं एकतिसावं पान. मी चेन कशी बसवते ते तू शेजारी बसून पाहिलंस आणि बारा चित्रं काढलीस, ते.

हिवाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीन आठवडे मला मशीनला हात लावायचा नव्हता. जन्मभर कापणं आणि टिपा मारणं यापलीकडे न गेलेल्या या माणसाने त्या दिवसांत एकट्याने चौसष्ट चेन बसवल्या. मी विचारलं तर मला बघून बघून शिकलो म्हणाले आणि मी भोळी इतके महिने कौतुक करत बसले. काल कबूल केलं की सगळं या पानावरून केलं. तेव्हा लपवाछपवीत मी एकटी नाही. मी ते पान दोनदा वाचलं. तीस वर्षं हे काम करते आहे, पण टोक आधी उलटं दुमडते हे माझं मलाही ठाऊक नव्हतं.

चौसष्टांपैकी एकही चेन परत आली नाही. काकांनी खाली सही केली आहे. सोमवारी ये, आणि हे पत्र त्या बाईंना खुशाल दाखव. यातलं सगळं खरं आहे.

तुझी,
मावशी