दोन ओळींनंतर ढोल

कळवा, शनिवार, संध्याकाळ

कल्याणच्या आमच्या शाळेत सगळा वर्ग एका चालीत कविता म्हणू लागला की कौलांवरची कबुतरं उडायची. तो फडफडाट आज सकाळपासून कानात होता. मूर्खासारखा खूश होतो मी.

सईच्या, म्हणजे नातीच्या, जर्मन शाळेत आज आजी-आजोबा दिन. मला नदीची कविता म्हणायला बोलावलेलं. आधी डोक्यावर भाड्याचा फेटा चढवला. दोनच ओळी झाल्या आणि निवेदन करणाऱ्या बाईंनी माईक काढून घेतला. "सो क्यूट, आजोबा! चला, आता सेल्फी!" लगेच ढोल. पालक टाळ्या पिटतायत. शी! शिसारी आली. कविता कुणाला हवी होती? फेट्याखालचा म्हातारा हवा होता. सई मान खाली घालून बसलेली. माझी लाज वाटली असेल का तिला? तडक घरी आलो, तोही फेट्यासकट!

इथवर लिहिलं आणि बेल वाजली. फेटा न्यायला आले असणार, म्हणून तो हातात घेऊनच दार उघडलं. सई होती, आणि मागे तिच्या गोऱ्या जर्मन बाई, चपला काढत.

"आबा, मिसना पुढचं ऐकायचंय. नदी अजून डोंगरातच आहे ना!"