टकलं नाही म्हणजे गिधाड नाही

१३ जानेवारी, सोमवार
सोपानची म्हैस सकाळी मेली. वाईट वाटलं, पण माझं काम झालं. भिगवणला मेहुणा परवेज फ्लेमिंगो दाखवून हॉटेल चालवतो आणि स्वतःला पक्षीतज्ज्ञ समजतो. मी कन्हेरीच्या माळावर गिधाडं आणणार! रविवारी तुझे पुण्याचे पाहुणे इकडे पाठव, असं त्याला फोनवर ठणकावलं. बायकोने, समिनाने अट घातली, "रविवारपत्तूर गिधाड न्हाय आलं, तर परवेजच्या हाटेलात मासं साफ करायला जायाचं. निस्तं बसून खाणं बंद." हो म्हणालो. हरायचा प्रश्नच नाही.

१४ जानेवारी
म्हैस माळावर. बंदी असलेलं दुखण्याचं इंजेक्शन दिलं नव्हतंस ना, सोपानला पुन्हा पुन्हा विचारलं. त्याने गिधाडं मरतात. सोपान चिडला.
अभ्यास जोरात. गिधाडाचं डोकं टकलं, म्हणून मढ्यात खुपसलं तरी पिसं बरबटत नाहीत. पोटातलं आम्ल सडकं मांससुद्धा पचवतं. मला मिसळ सोसत नाही. टक्कल मात्र दोघांनाही.

१५ जानेवारी, दुपार
कुत्री. कावळे. शिवाय एक मळकट पांढरा पक्षी, घारीएवढा, तोंड पिवळं, डोक्यावर केस पिंजारलेले. केस आहेत म्हणजे गिधाड नाही. ज्वारी राखून गोफणीवर हात बसलाय. पिटाळला.

१७ जानेवारी
तोच पांढरा, आज बायकोला घेऊन! पंगत कुणासाठी, जेवतंय कोण! पुन्हा गोफण. यांच्यामुळेच गिधाडं येत नाहीत. डोकं फिरलंय. सोपान म्हणाला, "रसूलभाई, लई वास सुटलाय, आता तरी पुरू द्या की तिला." लोकांना धीर म्हणून नाही.

१९ जानेवारी, रविवार
पाहुणे आले आणि नेमके तेव्हाच ते दोघे पांढरे म्हशीवर! लाज वाटली. धावत जाऊन गोफण फिरवली. पाहुण्यांतली इरा नावाची मुलगी किंचाळली. ते पांढरं गिधाड होतं म्हणे. जगात थोडीच उरलीत म्हणे. मी विचारलं, मग केस कसे? तर म्हणे, या जातीचं फक्त तोंड उघडं असतं. आधी सांगायला काय झालं होतं?
गिधाड आलं म्हणजे अट मीच जिंकलो, हे समिनाला पटवून पाहिलं. ती म्हणाली, "आलं व्हतं. तुमी हाकललं. उद्याची पहिली एस्टी धरा."

२ फेब्रुवारी, भिगवण
मासे साफ करतोय. तात्पुरतं. आतडी हॉटेलमागे टाकतो. परवापासून तिथे पांढरी जोडी येते. माझीच आहे, माझ्यामागोमाग आली. परवेजने रस्त्यावर पाटी लावली: 'गिधाड पॉइंट'. आज गिऱ्हाइकांची ही गर्दी! मी माहिती सांगायला पुढे झालो, तर परवेज म्हणाला, "दाजी, जरा बाजूला व्हा. फोटोत तुमचं टक्कल येतंय."