सीटखालच्या अकरा मोहऱ्या

बनशंकरी, बेंगळूरु
मंगळवार, दुपार

ती. महानंदाअक्कास,

रघुनंदनाचा साष्टांग नमस्कार. (गुडघा वाकत नसल्यामुळे सध्या कागदावरच घालतो आहे, पण पूर्ण घालतो आहे.) तुझ्या बीपीच्या गोळ्या वेळेवर चालू असतील. भावोजींचा खोकला कसा आहे? आणि माझ्यावरचा राग कितपत उतरला, तेही कळव. गेल्या खेपेला तू डबा न घेता बेळगावच्या गाडीत बसलीस. तो डबा संध्याकाळी मीच खाल्ला. घास घशाखाली उतरला नाही असं लिहिणार होतो, पण खोटं लिहिण्याची मला हल्ली भीती बसली आहे. का बसली, ते पुढे येईलच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण आमच्याकडे फोनवर बोललेलं स्वयंपाकघरात ऐकू जातं, आणि आजचा मजकूर स्वयंपाकघरापर्यंत जाऊ नये अशी माझी इच्छा आहे.

शार्दूल आणि सूनबाई निधी न्यूझीलंडला गेले, तिथे पोचून दोन महिने झाले आणि त्याचा फोन आला की अप्पा, येझदी पाठवा. मला वाटलं चेष्टा करतोय. चौतीस वर्षांची मोटरसायकल. मैसूरला जन्मली, बनशंकरीत वाढली, सकाळी सात किका खाल्ल्याशिवाय जागी होत नाही. तिला तिकडे कोण विचारतंय? पण अक्का, विचारतात! परदेशातून येणाऱ्या वाहनांसाठी तिथल्या सरकारची नियमावलीच आहे, ती शार्दूलनं पाठवली. मी ती तीनदा वाचली. काय ते लिहिणं! गाडीवर माती नको, बी नको, पान नको, किडा नको, किड्याचं अंडं नको, कोळ्याचं जाळं नको. परक्या मुलखातलं एक बी रुजलं तर आपल्या रानाशेताचं काय होईल याची त्या लोकांना काळजी. मी बत्तीस वर्षं कारखान्यात तपासनीस होतो. माझी सही होऊन बाहेर गेलेला एक नट कधी परत आला नाही, हे तुला मी सांगितलेलं आहे (सांगितलेलं आहे असं सत्यवती म्हणते, बऱ्याचदा). पण कोळ्याचं जाळं हा मुद्दा माझ्या कुठल्याही तक्त्यात कधी नव्हता. वाचता वाचता मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो.

मग आरटीओ. तिथे मला पहिल्यांदा कळलं की आपल्या गाडीला हाडावर कोरलेला नंबर असतो. पाटीवरचा नव्हे, सांगाड्यावरचा. त्याच्यावर कागद धरून पेन्सिल घासायची, की नंबर कागदावर उमटतो, आणि तो कागद अर्जाला चिकटवायचा. चौतीस वर्षं मी तिच्यावर बसलो आणि हा नंबर मला ठाऊक नव्हता! उकिडवं बसून पेन्सिल घासत होतो आणि एकेक आकडा वर येत होता तेव्हा अंगावर काटा आला, खरंच सांगतो. (उठताना गुडघ्यानं दगा दिला. तिथला श्रीहरी नावाचा कारकून टेबलामागून धावत आला आणि त्यानं मला उभं केलं. भला माणूस.) श्रीहरीनं अर्ज वाचला आणि एका रकान्यावर बोट ठेवलं. तिथे लिहायचं होतं, ‘कायमची निर्यात.’ मी म्हटलं, कायमची नको, नुसती निर्यात लिहू या. तो म्हणाला, नुसती असा रकाना नाही. मी लिहिलं. पण अक्का, मुलगा नोकरीला गेला की माणूस म्हणतो दोन वर्षं, तीन वर्षं, बघू. गाडी मागवली की मग बघू म्हणायला काही उरत नाही. ते त्या रकान्यानं मला सांगितलं, शार्दूलनं सांगितलं नव्हतं. निघताना श्रीहरीनं विचारलं, “गाडी होगुत्ते, सरी; नीवु यावाग?” गाडी जातेय ते ठीक, तुम्ही कधी? माझ्याकडे पासपोर्टच नाही. मी हसलो आणि रिक्षा केली.

त्यानंतर धुणं. आठ दिवस मी ओसरीवर पांढरी चादर अंथरून टूथब्रश आणि कान कोरायच्या कापसाच्या काड्या घेऊन बसलो. तू आलीस तेव्हा हेच चाललं होतं आणि तू म्हणालीस, लग्नात स्वतःला एवढं घासलं नव्हतंस. पण त्या गाडीच्या पोटातून काय काय निघालं, ते तुला कुठे दाखवलं? मडगार्डच्या आत मातीचे थर होते, वरचा काळा, मधला राखाडी आणि तळाशी लालभडक. ती लाल माती नंदीच्या डोंगराची, शार्दूल आठ वर्षांचा असताना पुढे टाकीवर बसून आला होता त्या दिवसाची. नंतर आम्ही तिकडे गाडी नेलीच नाही. साखळीच्या झाकणात रांगोळी. हेडलाइटच्या मागे दसऱ्याच्या आयुधपूजेचे दोन चुरमुरे आणि शेवंतीची एक पाकळी, वाळून कागद झालेली. सगळं पुसून बादलीत टाकलं. लाल मातीशी जरा हात थांबला. पण नियम म्हणजे नियम.

आणि धुणं संपलं त्याच दिवशी तू हळदकुंकू आणि लिंबू घेऊन बाहेर आलीस. परदेशी निघालेली गाडी पूजेवाचून कशी जाईल, हा तुझा प्रश्न, आणि त्यावर मी तुला अर्धा तास नियमावली वाचून दाखवली. चाकाखालच्या लिंबात नऊ बिया असतात असंही म्हणालो. (मोजल्या नव्हत्या.) लिंबामिरचीनं अपघात टळत असते तर सिल्क बोर्डच्या चौकात पोलिसाऐवजी भाजीवाला उभा केला असता, हे मात्र मी म्हणायला नको होतं. दुपारी सत्यवतीला घेऊन बनशंकरीच्या देवळात गेलीस, आल्यावर बॅग भरलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याशिवाय निघालीस. तू गेल्यावर तासाभरानं टेम्पो आला. मी शेवटची तपासणी केली आणि कागदावर सही केली, ‘तपासलं. माती, बी, वनस्पती काही नाही. रघुनंदन.’ खाली तारीख.

टेम्पोतून मीही गाडीबरोबर महादेवपुऱ्याच्या पलीकडच्या गोदामात गेलो. तिथे शिवाप्पा नावाचे वयस्कर सुतार आहेत. त्यांनी येझदीभोवती फळ्यांची खोली बांधली. आधी गाडीला हात लावून बघितलं, मग मापं घेतली, आणि एकही फळी दुसऱ्यांदा कापली नाही. चार पट्ट्यांनी गाडी आतून अशी ताणून धरली की पेटी हलवली तरी ती हलेना. मी तपासनीस म्हणून खोट काढायला गेलो होतो. शेवटी त्यांच्या शेजारी बसून चहा प्यायलो. पुढे चेन्नई, आणि मग समुद्र. जहाज कुठे आहे ते फोनवर दिसतं, अक्का! निळ्या पाण्यात एक हिरवा ठिपका. रोज सकाळी चहा झाला की मी बघायचो: आज अंदमान, आज सिंगापूर, आज नाव वाचता न येणारी बेटं. मी रामेश्वरापलीकडे गेलेलो नाही, आणि माझी सात किकांची गाडी विषुववृत्त ओलांडून गेली. त्या दिवशी मी सत्यवतीला मुद्दाम हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, स्वल्प पुढे सरकला म्हणून एवढं काय, आणि मग कणीक मळायची सोडून दहा मिनिटं ठिपका बघत बसली.

तर गाडी पोचली, आणि अडकली. तिथल्या बंदरावर एका तपासनीस बाईंनी पेटी उघडली आणि सीटखाली, बॅटरीच्या शेजारी, त्यांना मोहरीचे दाणे सापडले. अकरा. शार्दूलनं अहवाल पाठवला आहे. एकेक दाणा चिमट्यानं उचलून पांढऱ्या कागदावर ठेवलाय, शेजारी फूटपट्टी, प्रत्येकाला नंबर, एक ते अकरा. सातव्याचं साल थोडं उडालं आहे, तेही लिहिलंय! माझं नाक कापलं गेलं हे खरं, पण तो अहवाल बघून मी सांगतो, त्या बाई माझ्या हाताखाली असत्या तर मीच त्यांच्या हाताखाली गेलो असतो. आता त्यांचं म्हणणं असं की ज्यानं हे टाकलं त्यानं एक जबाब सही करून पाठवावा: पदार्थ कोणता, किती टाकला, आणखी कुठे टाकला, आणि प्रयोजन काय. येत्या सोमवारपर्यंत जबाब आला नाही, तर गाडी आली तशी परत. मग तिला तिकडचा नंबर नाही, पाटी नाही, आणि इकडचा नंबर तर मीच आरटीओत कायमचा पुसून आलोय. ती कुठल्याच देशाची राहणार नाही.

रविवारी शार्दूलनं व्हिडिओवर विचारलं, हे कुणी केलं? मी वर पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. आणि सत्यवती कणकेचे हात पुसत पुढे आली आणि म्हणाली, “मीच.” एवढंच. निधी म्हणाली, आई, तुम्हाला नियम सांगितले होते ना! सत्यवती म्हणाली, सांगितले होते. आणि पोळ्या लाटायला आत गेली. अक्का, लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण ही बाई किती मोठी आहे ते मला त्या ‘मीच’नं कळलं. कारण ती खोटं बोलली. माझ्यासाठी. जबाबाचा कोरा कागद फ्रिजला चुंबकाखाली लावलेला आहे, आणि मी तीन दिवस फ्रिज उघडलेला नाही.

इकडे बाकी सगळं नीट. भावोजींना नमस्कार, गुडघ्यासाठीचं तेल असेल तर कुणाबरोबर पाठव.

तुझा,
रघू

ता. क. तुझ्यापासून काय लपवायचं? मोहऱ्या माझ्या. त्या दुपारी तुम्ही दोघी देवळात गेलात आणि घरात मी आणि गाडी राहिलो. ती धुऊन पुसून चादरीवर उभी होती आणि मला एकदम वाटलं, इतकी देखणी दिसतेय, कुणाची तरी दृष्ट लागेल. मग फोडणीच्या डब्यातली मूठभर मोहरी, मूठभर मीठ. सात वेळा ओवाळलं. आपली आई शार्दूलवरून जे म्हणायची ते आठवेना, म्हणून नुसतंच ‘नीट जा, नीट जा’ म्हणालो. ओवाळता ओवाळता मुठीतून काही दाणे इंजिनावर सांडले. सगळे वेचले असं वाटलं होतं. (इंजिनावरचे दाणे वर चढून बंद सीटखाली कसे गेले हे मला अजून उमगलेलं नाही. कंपनानं गेले असावेत. हा अभ्यासाचा विषय आहे.) तर विनंती अशी: तू त्या दिवशी इथे होतीस, आणि पूजा करायची होती हे सगळ्यांनी ऐकलं आहे. सोबत जबाबाची प्रत जोडली आहे. तू सही केलीस तर सत्यवती सुटेल आणि बत्तीस वर्षांची माझी सहीही वाचेल. प्रयोजनाचा रकाना मी कोरा ठेवला आहे; तीन दिवस विचार केला, मला लिहिता आलं नाही. पत्र हाती पडताच स्पीड पोस्टानं पाठव.

ता. क. २. वन्सं, मी सत्यवती. पाकिटाला तिकीट लावायला हे माझ्याकडे देऊन यांनी वामकुक्षी घेतली आहे, म्हणून वाचलं. सही करू नका. यांच्या मोहऱ्या मला देवळातून आल्याबरोबर दिसल्या. अख्ख्या चादरीवर होत्या, शिवाय इंजिनाच्या फटीफटीत. (मीठ कुठे सांडलं होतं ते विचारू नका.) हे आंघोळीला गेले तेव्हा मी केसांच्या पिनेनं एकूण एक काढल्या. मग सीटची किल्ली माझ्याकडेच होती, म्हणून माझी चिमूटभर ओवाळून आत टाकली. तेव्हा सापडल्या त्या माझ्या, आणि ‘मीच’ म्हणाले ते खरंच म्हणाले. जबाब मी रविवारीच लिहून फोटो काढून शार्दूलला पाठवला. फ्रिजवरचा कागद कोरा आहे की भरलेला, हे बघायला यांनी फ्रिजकडे मान वळवायला हवी होती. प्रयोजनाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘मुलगा लांब आहे.’ शार्दूलनं त्याचं इंग्रजी करून दिलं. त्या बाईंना ते पुरलं. काल गाडी सुटली, आज तिला तिकडचा नंबर मिळाला, पाटीचा फोटो आला आहे. यांना अजून सांगितलेलं नाही. पाकीट टाकून येते आणि मग सांगते. येताना पासपोर्टचे दोन अर्जही आणीन, एकावर यांची सही घ्यायची आहे.