तिसरा ड्रमर

आम्स्टरडॅम स्लोटरडाइक, ३ मार्च

ती. नीलमताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तू आधी जेवलास का विचारतेस आणि मुद्दा राहतो, म्हणून हे पत्र. बँडमधला बेस गिटारवाला गेल्या आठवड्यात सोडून गेला. ग्लासगोत चौघा शाळासोबत्यांनी सुरू केलेल्या बँडात मूळचा आता फक्त ईवन, गाणारा. बाकी आम्ही सगळी भरती. इथे हॉस्टेलखाली सायकलींचा एवढा ढीग असतो, की ओळखू यावी म्हणून लोक हँडलला प्लास्टिकची फुलं बांधतात. असो. ईवनने कॅलम नावाचा पोरगा आणलाय. मी आजारी पडलो तर ड्रमवर बसायला हाताशी असावा, म्हणून त्याला सगळी गाणी शिकव म्हणाला. शिकवली. बाबांच्या गायन पार्टीतला ढोलकीचा तोडा मी शेवटच्या गाण्यात घातलाय ना, तोही दिला. शुक्रवारी तुझ्या नायमेखनला आमचा कार्यक्रम. दारावर तुझं नाव देतोय, तिकीट काढू नकोस.

लोभ आहेच, थोडी भर घाल.
रणजित

नायमेखन, ९ मार्च

चि. रणजित यास,
अ. उ. आ. आणि जयभीम.

ऑफिसातल्या चौघींना घेऊन आले होते. भाऊ वाजवतो म्हणून आठवडाभर मिरवलं होतं. ड्रमवर भलताच. बाबांचा तोडा त्याच्या हातून ऐकला, अगदी बरोबर वाजवला मेल्याने. इथली माणसं एरवी तोंडावर बोलतात, पण चौघींपैकी एकीनेही काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं. ईवनला गाठलं तर म्हणाला, तू स्वतःहून सोडलंस. तुझा फोन बंद. बाबांना काय सांगू? खरं काय ते लिही. माझ्याकडची वरची खोली रिकामी आहे.

तुझी काळजी जिला सुटत नाही ती,
ताई

स्लोटरडाइक, १२ मार्च

ती. ताईस,
जयभीम.

स्वतःहून नाही. गुरुवारी व्हॅनमध्ये सामान चढवताना ईवन म्हणाला, कॅलमला जमलंय, तू आता थांब. कोणत्या तोंडाने भांडू? दोन वर्षांपूर्वी माझ्या जागी फियोना होती. तिलाही आजारपणाचंच सांगितलं होतं. तिने मला आठवडाभर घरी बोलावून शिकवलं, जेवू घातलं. खरं काय ते ईवनने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तिला बोललो नाही. कॅलमला शिवी द्यायला जातो आणि ती माझ्याच अंगावर येते.

खोलीचं राहू दे. काल उत्रेख्तच्या एका बँडने बोलावलं. त्यांचा ड्रमर सोमवारपासून मला गाणी शिकवणार आहे. साधा माणूस वाटला, काय खातोस म्हणून विचारत होता. त्याला वाटतंय, मी फक्त अडीअडचणीला.

मी हो म्हटलंय. बाबांना सांग, काम मिळालं.

लोभ कमी केलास तरी समजेन.
रणजित