मागच्या चाकाची खोड

आबा, तुमची मोटारसायकल मी विकली. हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यामागून ओढत येतं. तुम्ही गेल्यावर काकांनी ती नांदेडला नेऊन सरळ करून घेतली, लाल टाकीला काळा रंग मारला आणि शेतात आखाड्यावरच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी केली. रंग आईसाठी. तिला ती ओळखू येऊ नये म्हणून. घरात ठरलं, की गाडी पडलेली आहे हे कुणापुढं काढायचं नाही. पडलेल्या गाडीवर, त्यातही माणूस गेलेल्या गाडीवर, आपल्याकडं कोण बसतं? मग हळूहळू आम्हीही तेच खरं मानून चाललो. नायगावच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली मागून लागली तेव्हा तुम्ही होतात, गाडी जणू नव्हतीच.

मागच्या वर्षी चाकूरच्या लॅबमध्ये मला गावोगाव फिरून रक्ताचे नमुने आणायचं काम लागलं. लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी आता नाही म्हणायचं सोडून दिलंय. काका म्हणाले, "उभी हाय ती गाडी, घिऊन जा. गंजून चाललीय." नेली. पावसाळा संपत आला तसा मागच्या चाकातून आवाज यायला लागला, जात्यात खडा सापडल्यासारखा. आमच्या घरासमोरच गॅरेज आहे. तिथल्या मिस्तरीनं चाक काढून बेरिंग माझ्या तळहातावर ठेवलं. गोळ्या झिजलेल्या, ग्रीस जळून काळं पडलेलं. "पानी गेलं आसंल," म्हणाला आणि नवं ठोकलं. संक्रांतीच्या आत तेही गेलं. तेव्हा त्यानं माल डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. तिसऱ्यांदा मात्र माझी लेक मागं बसलेली होती. आम्ही लातूरला चाललो होतो. ती कानाशी येऊन म्हणाली, "पप्पा, गाडी लचकून राहिली." मागून ट्रक हॉर्न देत होता आणि चाक माझं ऐकत नव्हतं. कशीबशी कडेला घेतली. चाकाच्या मध्यावर बोट टेकवलं तर चटका बसला. लेक कडेच्या दगडावर बसून निवांत बिस्किटं खात होती. मला भीती वाटली, आबा, आणि ती नुसती चाकाची नव्हती. असं होणार हे मला कधीपासून तरी माहीत आहे, असं वाटत होतं.

गाडी ढकलत गॅरेजला आणली. मिस्तरी उकिडवा बसून बराच वेळ चाकाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर, गाडी पडल्याली हाय का कधी?"

"न्हाई," मी म्हणालो. विचारसुद्धा करावा लागला नाही, इतक्या वर्षांची सवय.

समोरच्या ओट्यावर आई तांदूळ निवडत होती. सुपातून नजर न काढता तिथूनच म्हणाली, "पडल्याली हाय, भाऊ. ह्याचे वडील हिच्यावरच गेले. मागनं ट्रॉलीनं उडिवलं."

नंतर मी तिला विचारलं, कधी ओळखलीस म्हणून. "आली त्याच दिवशी. ती उभी ऱ्हातीच तशी, मान टाकून." मग बोलली का नाहीस? "तुमी सगळे एवढं जपून राहिलाव, म्हटलं ऱ्हाऊ द्या." आम्ही तिला सांभाळत होतो आणि ती आम्हाला. मधल्या मधे गाडी कुणीच बघितली नाही.

मिस्तरीनं दोरी आणवली. दोन्ही चाकांच्या कडेनं ताणली, एक टोक त्यानं धरलं, एक मी. मागचं चाक दोरीला धरून नव्हतंच, तिरकं पळत होतं. ज्या चिमट्यात चाक बसतं त्याला पीळ होता आणि चिमटा जिथं बसतो ती चेसिसही आतून वाकलेली. "वरनं रंग दिला, आतलं हाड तसंच हाय," तो म्हणाला. "बेरिंग कितीबी बदला, हे खातच ऱ्हाणार. एक दिस चाक जाम हुईल, मग कुणाच्या हातात न्हाई. भंगारात घाला डॉक्टर, पण कुणाला बसू दिऊ नका."

तुमचा तांबडा बैल आठवतो का? मला आता रोज आठवतो. बाजारात आपण दोघं उभे आहोत, मी शाळा बुडवून आलोय. एकजण बैलाचे दात बघतो, पाठीवर हात फिरवतो, त्याला तो पसंत पडलाय हे मलासुद्धा कळतंय. सौदा होत आलाय. आणि तुम्ही आपल्या तोंडानं सांगता, "एक खोड हाय. वढ्याच्या पाण्यात बसतोय हा. बाकी लई गरीब." तो माणूस हात झटकून निघून जातो. दिवसभर उन्हात उभं राहून आपण तांबड्याला घेऊन परत घरी. मी वाटेत पुटपुटलो, सांगायची काय गरज होती. तुम्ही थांबलात. मला वाटलं आता बसणार एक मुस्काटात. पण तुम्ही नुसतं म्हणालात, "त्याची लेकरं गाडीत बसली आन ह्यो मधी पाण्यात बसला तर?" घरी आई तुमच्यावर खेकसली, हरिश्चंद्राचा अवतार म्हणाली. तुम्ही मुकाट्यानं भाकरी खाल्लीत.

भंगारवाल्याला मी बोलावलं होतं. खरंच बोलावलं होतं. त्यानं टाकीवर थाप मारली आणि गाडी वजनावर मागितली. म्हणाला, कापून नेतो, उचलायला सोपी पडती. तुमचा हात जिथं असायचा तिथली मूठ झिजून गुळगुळीत झालेली आहे, ती मला समोर दिसत होती. माझं मन धजेना. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग मी काय केलं, तर पलीकडच्या आळीच्या मिस्तरीकडून, आपल्या नाही, मागच्या चाकाला नवं बेरिंग टाकून घेतलं. चाक फिरवलं की चिडीचूप.

घेणारा वीटभट्टीवर मुकादम आहे. बायको आणि कडेवरचं लेकरू घेऊन आला. लेकराला टाकीवर बसवलं, त्यानं हँडल धरून तोंडानं भुर्र केलं, सगळे हसलो. माणसानं चाक फिरवून बघितलं, कान दिला आणि उभा राहत म्हणाला, "खोड बीड काय हाय का, डॉक्टर?"

बैलाला विचारतात तसंच विचारलं, आबा. त्यानं दुसरा कुठलाही शब्द वापरला असता तर कदाचित मी बोललो असतो. "न्हाई," मी म्हणालो.

संध्याकाळी आईनं विचारलं, "सांगितलंस का त्याला?" मी हो म्हणालो. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि दिवा लावायला गेली.

आज दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं, तेव्हा त्याला फोन लावला. सांगायचंच म्हणून लावला. "बोला डॉक्टर," तो खुशीत होता. "गाडी झकास. मागनं जरा कुरकुर करून राहिली, पण चालतंय. उद्या सकाळी निघालो तिघं, सासुरवाडीला. नायगावकडं." मागं लेकरू भुर्र करत होतं.

"दुसरी चावी माझ्याकडंच राहिली," मी म्हणालो. "ती द्यायची होती."

"ऱ्हाऊ द्या की. एक हाय तेवढी बास."

मी बरं म्हणालो. आता रात्र झालीय. चावी इथं टेबलावर आहे, तिच्याशेजारी फोन. ज्याला फोन करायचा तो माणूस अजून घरी आहे, जागा आहे, आणि मी तुम्हाला लिहीत बसलोय.